सरांची वजाबाकी

कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी प्राणिशास्त्राचे प्रमुख जिन्यात आडवे आले आणि ओळख ना देख, एकदम म्हणाले, "तुम्हाला किळस कशाकशाची येते?"

मी नुकतीच एम.एस्सी. होऊन रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते. अंगावर नवी कोरी वॉइलची साडी, हातात नेमणुकीचा कागद. मला वाटलं, नाशिकच्या कॉलेजात नव्या बाईला असंच विचारायची पद्धत असेल. म्हटलं, "पालीची."

"पाल चालेल. विष्ठेची येते का?"

"कुणाच्या?"

"शाब्बास!" सर इतक्या जोरात ओरडले की वरून उतरणारी दोन पोरं परत वर गेली. "'शी' म्हणाला असतात तर मी निघून गेलो असतो. 'कुणाच्या' असं विचारलंत! उद्यापासून तुम्ही आमच्या केमिस्ट्री."

झालं. त्या दिवसापासून मी केमिस्ट्री. सर माणसांना नावानं हाक मारत नसत. व्यायामशिक्षक म्हणजे डंबेल, ग्रंथपाल म्हणजे धूळ, आणि प्राचार्यांना, अर्थात पाठीमागे, सही. पोरांनी सूड म्हणून सरांना 'शीटवाले सर' म्हणायला सुरुवात केली. सरांना ते कळलं तेव्हा म्हणाले, "योग्य आहे. निदान विषय तरी बरोबर सांगतात."

आता ही शीट कोणाची, तर धोबी पक्ष्याची. चिमणीहून थोडा लांबोडका, सडपातळ, पाण्याच्या कडेनं तुरुतुरु धावणारा आणि शेपटी सारखी वरखाली आपटणारा. दसऱ्याच्या आगेमागे हिमालयापलीकडून येतो आणि उन्हं तापली की परत जातो. आपण त्याला रोज बघतो आणि कधीच बघत नाही. सर मात्र सप्टेंबर लागला की अस्वस्थ व्हायचे. बाकीची माणसं रस्त्यानं समोर बघत चालतात, सर गटारात बघत चालायचे. गंगापूर रोडला त्यांचा बंगला होता, तेव्हा तिकडे निम्मी शेतंच होती. तिथून कॉलेजपर्यंत प्रत्येक मोरी त्यांना तोंडपाठ. ज्या हॉटेलच्या मोरीवर धोबी येत नाही तिथला चहा घ्यायचा नाही, हा नियम. त्या नियमापायी आम्ही चांगली चांगली हॉटेलं सोडून अशा ठिकाणी चहा प्यायलो आहोत की विचारू नका.

त्यांचं शास्त्र मला त्यांनी अशाच एका ठिकाणी बाकावर बसून सांगितलं. "हे बघा केमिस्ट्री, कावळा निरुपयोगी. तो गावभर हिंडतो, कुठे काय खाल्लं त्यालाच माहीत नसतं. धोबी कसा, परदेशातून येतो, नाल्याचा एक तुकडा धरतो आणि थंडीभर तिथलेच किडे खातो. तुकडा सोडत नाही, दुसऱ्याला येऊ देत नाही. आला तेव्हा त्याच्या पोटात काय होतं, आणि महिनाभर आपल्याकडे राहिल्यावर काय आहे? वजाबाकी करा. उरेल ते नाशिकचं."

"पण सर, सरळ नाल्याचं पाणीच तपासलं तर?"

"साहेब येणार म्हटलं की कारखाना आठवडाभर आधी नाल्यात गंगाजल सोडतो. धोब्याला आगाऊ सूचना देता येत नाही."

या वजाबाकीचं त्यांना वेडच होतं. विद्यार्थी पहिल्या वर्षाला आला तेव्हा काय आणि पदवी घेऊन निघाला तेव्हा काय? "वजाबाकी बहुतेक शून्य येते. काही बाबतींत ऋण." पुढारी निवडणुकीआधी काय आणि नंतर काय? "तिथे मात्र धन येते, आणि भरपूर!" पाहुणे जेवून गेले की दारात उभं राहून पुटपुटायचे, "आले तेव्हा हसत होते, जाताना गप्प. अगं, आमटी बिघडली होती का?" काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणायच्या, "आमटी नाही हो. तुम्ही जेवताना बोललात."

माझे वडील दूर खानदेशात, म्हणून मला बघायला मुलगा आला तेव्हा सर आणि काकूच वडीलधारे म्हणून बसले. मुलगा मालेगावचा, बँकेत होता, पँटची इस्त्री अशी की धार लागावी. सरांनी त्याला ना पगार विचारला ना कुटुंब. विचारलं, "तुमच्या गावात थंडीत पक्षी कोणते येतात?"

मुलगा बावरला. "पक्षी... असं काही लक्ष नाही दिलं."

"मग या मुलीकडे देणार आहात?" सर म्हणाले.

कांदेपोहे तसेच राहिले. काकू कपाळाला हात लावून बसल्या. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होते. खरं सांगायचं तर तो मुलगा मला आवडला नव्हताच, आणि पुढे ज्याच्याशी लग्न झालं त्यालाही पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही. पण सरांनी विचारल्यावर तो म्हणाला होता, "माहीत नाही. दाखवाल का?" एवढ्यावर पास.

तर असे हे सर. त्यांच्याकडे एके दिवशी एक गुरुजी आले. प्राथमिक शाळेत शिकवायचे, पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं हळू आणि नेमकं. शहराबाहेर एका नाल्याकाठी त्यांची वस्ती होती, बौद्ध समाजाची साठेक घरं. वस्तीला विहीर एकच, तीही नाल्याला लागून. नाल्याच्या वरच्या अंगाला सायकलीच्या हँडलांना चकाकी देणारा एक कारखाना निघाला होता, आणि तेव्हापासून विहिरीच्या पाण्याला पिवळट झाक यायला लागली होती. बायकांच्या हातांना भेगा पडून जखमा व्हायच्या, त्या भरत नसत. गुरुजींनी सगळ्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. साहेब यायचे, तेव्हा पाणी स्वच्छ. "आम्हाला दुसरं काही नको सर," ते म्हणाले. "ते पाणी बंद व्हावं आणि पोरांना प्यायला चांगलं मिळावं. कुणीतरी शिकलेल्या माणसानं सही करून सांगितलं तर ऐकतील."

सर खुर्चीतून उठलेच. "तुमच्या नाल्यावर धोबी येतात?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे घाबरू नका, असंच असतं.

धोबी येत होते. दर रविवारी सकाळी आमची वरात निघायची. पुढे सायकलवर सर, डोक्याला माकडटोपी. मागे टांग्यातून मी आणि काकू, काकूंच्या मांडीवर पोह्यांचा डबा. सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नाल्यात उतरायचे आणि धोबी ज्या दगडांवर बसतात ते सुरीनं खरवडायचे. वस्तीतली पोरं काठावर रांगेनं बसून बघायची. एका म्हातारीनं पहिल्या दिवशी मला विचारलं, "बाई, ह्ये सर काय नवस फेडतेत का?"

सुरुवातीचे नमुने, म्हणजे धोबी नुकते आले तेव्हाचे, आम्ही प्रयोगशाळेच्या काचेच्या बाटल्यांत भरले. ते तपासले, काही सापडलं नाही. मग आमच्या विभागप्रमुखांना वास लागला, अगदी शब्दशः. "रसायनशास्त्राच्या बाटल्यांत पक्ष्यांचा मळ? प्राणिशास्त्राच्या बाटल्या नाहीत का?" प्राणिशास्त्राच्या बाटल्यांत बेडूक होते. दोन विभागांचं आठ दिवस वाजलं आणि बाटल्या बंद झाल्या.

तेव्हा सरांनी काकूंचा मिसळणाचा डबा उचलला. जुना, पत्र्याचा. आतल्या वाट्यांची बुडं सुटली होती म्हणून माळ्यावर पडला होता. सरांनी तो भद्रकालीच्या बाजारात नेऊन सगळ्या वाट्यांची बुडं डाग देऊन जोडून आणली आणि अत्यंत खूश झाले. प्रत्येक दगडाला एक वाटी! कारखान्याच्या तोंडाशी असलेला दगड म्हणजे मोहरी, पुलाखालचा जिरं, विहिरीपाशी हळद. नाल्यात गुडघाभर उभे राहून सर ओरडायचे, "केमिस्ट्री, आज हळद भरपूर आहे!" आणि टांगेवाला तोंड फिरवायचा.

आठवडाभरानं मी त्या नमुन्यांची शिशाची चाचणी केली आणि परीक्षानळीत सोन्यासारखा पिवळाधमक साका बसला. शिसं! एका वाटीत नव्हे, सगळ्या वाट्यांत. सर नळी उजेडात धरून नाचायचे तेवढे राहिले. काकू डोकावून म्हणाल्या, "अहो, ती हळदीची वाटी होती. पिवळंच येणार."

सरांनी आधी मला टाळी दिली, मग काकूंना समजावलं, मग हट्टानं सगळ्या वाट्या साबण आणि राखेनं घासून पुढच्या रविवारी पुन्हा नमुने घेतले. पुन्हा पिवळं. "बघ! हळद नाही, शिसं आहे."

"मला नाही कळत," काकू म्हणाल्या. "पण त्या डब्यात काहीतरी खोट आहे."

आणखी एका चाचणीत फिकट जांभळा रंगही आला होता, म्हणजे क्रोम. पण त्या पिवळ्यापुढे जांभळ्याकडे बघतंय कोण! शिसं म्हटलं की माणूस दचकतो. गावातल्या एका पेपरानं 'नाल्यात शिसे, पक्षी साक्षीदार' असं छापलं. गुरुजींनी तो पेपर वस्तीत वाचून दाखवला. पाणी प्रदूषणाचा कायदा तेव्हा नवा होता. मुंबईहून साहेब येऊन कलेक्टर कचेरीत सुनावणी घेणार असं ठरलं. वस्तीला पहिल्यांदा वाटलं, आपलं कुणीतरी ऐकतंय.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सरांना भाषणाची रंगीत तालीम करायची हुक्की आली. भरलेल्या वर्गात मिसळणाचा डबा आणला. "धोब्यात शिसं येतं. जो पक्षी नाल्यावर जातच नाही त्याच्यात येणार नाही. बघा." तुलनेसाठी त्यांनी शेजारच्या जोशीकाकूंच्या राघूची विष्ठा आणून चार दिवस आधीच धण्याच्या वाटीत ठेवली होती. राघू पिंजऱ्यातला. जन्मात पेरू आणि मिरचीपलीकडे काही खाल्लं नाही, ओसरीपलीकडे काही पाहिलं नाही. मी चाचणीचे थेंब सोडले.

पिवळं. धोब्यापेक्षाही पिवळं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, राघू रात्री गुपचूप नाल्यावर जातो वाटतं!" वर्ग जो फुटला तो आवरेना. पोरं बाकं बडवत होती. सर मात्र राघूकडे, म्हणजे राघूच्या वाटीकडे बघत होते. त्यांनी खिशातली सुरी काढली, वाटीच्या बुडाला दिलेला डाग खरवडला आणि तो कीस माझ्यापुढे धरला. मी तपासला. हळदीकुंकवातल्या हळदीसारखा रंग आला. डाग द्यायचा तर शिसं आणि कथील वितळवूनच देतात, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. आणि मी एम.एस्सी., सर विभागप्रमुख! धोबी आले तेव्हा बाटल्या काचेच्या होत्या, नंतर डबा आला. वजाबाकी बरोबर होती, उरलं होतं ते काकूंच्या डब्याचं.

"केमिस्ट्री," सर हळूच म्हणाले, "राघूची दुसरीपण चाचणी करून ठेवा." आणि वर्ग तसाच सोडून बाहेर पडले.

मला वाटलं घरी जातील. ते त्याच दुपारी वस्तीत गेले. मी आणि काकू मागोमाग. विहारापुढच्या अंगणात गुरुजींनी माणसं बोलावली. सरांनी टोपी काढली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, डब्यासकट, राघूसकट. "शिसं तुमच्या नाल्यातलं नाही, माझ्या डब्यातलं होतं. मी चुकलो. उद्या साहेबांनाही हेच सांगणार."

कुणी हसलं नाही. ती नवसाची म्हातारी पुढे आली. हाताला चिंध्या बांधलेल्या. "सर, तुमचं खरं लय चांगलं हाय," ती म्हणाली. "पन त्ये प्यायला येतंय का?"

गुरुजींनी आम्हाला रस्त्यापर्यंत पोचवलं.

मी परतीच्या वाटेवर सरांशी कडाकडा भांडले. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल. "कारखाना घाण सोडतोय हे खरंच आहे ना? मग उद्या गप्प बसलात तर कुणाचं काय जातंय? राघू काही साक्ष द्यायला येत नाही!"

"घाण सोडतोय हे खरं," सर म्हणाले. "पण धोबी बोलत नाही म्हणून त्याच्या नावावर काहीही खपवायचं? मग त्या कारखान्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

"फरक त्या बाईच्या हातांत बघा!" मी म्हटलं. सर सायकलवर बसले नाहीत. हातात धरून घरापर्यंत चालत गेले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी गेले ती सगळी आशा सोडूनच. खोलीत गेलो तर मागच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या, दारात, व्हरांड्यात माणसं. अख्खी वस्ती आली होती. मला वाटलं, सरांना जाब विचारायला आली. समोर कारखान्याचे मॅनेजर जाडजूड फाईल घेऊन बसलेले. शिसं खरेदी केल्याची एकही पावती नाही, हे सिद्ध करायला त्यांनी म्हणे सगळं दप्तर उपसलं होतं. सरांना पार उघडं पाडायचं, अशी तयारी.

सर उठले आणि दोन वाक्यांत शिसं मागे घेतलं. कारण सांगितलं. मॅनेजरांचं तोंड उघडंच राहिलं. लग्नाला नटून यावं आणि नवरीच पळून जावी, तशी त्यांची गत. पण मग ते खुलले. "अ‍ॅब्सोल्यूटली करेक्ट, साहेब! प्रोफेसरसाहेब जंटलमन आहेत. शिसं आमच्या गेटच्या आत येत नाही. आपलं काम फक्त क्रोमचं! प्युअर क्रोम! हँडल बघा, तोंड बघून भांग पाडा!"

"असं?" मुंबईचे साहेब म्हणाले. ते एवढा वेळ चष्मा पुसत होते. "आणि हँडल धुतलेलं पाणी कुठे जातं?"

मॅनेजर थांबले. "पाणी म्हणजे... तसं थोडंफार..."

साहेब माझ्याकडे वळले. "तपासणी तुम्ही केलीत ना, बाई? शिसं सोडा. क्रोम पाहिलं होतं?"

मी उठून उभी राहिले. "हो साहेब. सगळ्या दगडांवर. पक्षी नुकते आले तेव्हा नव्हतं."

"तेही डब्यातनं आलं नसेल कशावरून?"

"राघूत नाही, साहेब."

"कोण राघू?"

खोलीत खसखस पिकली. मी राघूची हकीकत सांगितली. त्याच डब्यात, तशाच डाग दिलेल्या वाटीत तो चार दिवस होता. शिसं आलं, जांभळा रंग तेवढा आला नाही. साहेब गंभीरपणे कारकुनाला म्हणाले, "नोंद करा." कारकुनानं पेन उचललं आणि विचारलं, "साहेब, पोपटाचं पूर्ण नाव?"

साहेबही हसले. मग हसू आवरून म्हणाले, "मी इतक्या सुनावण्या घेतल्या, पण स्वतःविरुद्ध पुरावा आणणारा माणूस पाहिला नाही. यांनी जे मागे घेतलं नाही, त्यावर मी विश्वास ठेवतो." आणि कुणाला फोन करायला वेळ मिळण्याआधी मॅनेजरांना जीपमध्ये बसवून थेट नाल्यावर गेले. त्या दिवशी कारखान्यानं गंगाजल सोडलं नव्हतं. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, वर्ष गेलं, पण ते पाणी बंद झालं आणि वस्तीत नळही आला.

पण हे सगळं नंतरचं. जीप धुरळा उडवत गेली तेव्हा सर कचेरीच्या पायऱ्यांवर बसून होते, माकडटोपी हातात, शिक्षा झालेल्या पोरासारखे. गुरुजी आले आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"गुरुजी, मला माफ करा," सर म्हणाले. "साहेबांनी विचारलं म्हणून बरं. नाहीतर मी तुमचं पाणी घालवलं होतं. तुम्ही सगळे रागानं आलात, बरोबरच केलंत."

"रागानं नाही सर," गुरुजी त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले. "काल तुम्ही गेल्यावर आम्ही बसून ठरवलं. आज पाणी मिळेल असं कुणालाच वाटत नव्हतं. पण आमच्या चुका सांगायला वस्तीत पुष्कळ लोक येतात. स्वतःची चूक सांगायला आलेले तुम्ही पहिले. म्हणून आलो. तुम्ही एकट्यानं उभं राहू नये, एवढ्यासाठी."

सर नाक ओढत राहिले. काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "गुरुजी, हे एकदा घरी येऊन यांना पुन्हा सांगा हो. यांना अजून वाटतंय, आपण हरलो."